बटण तुमीच दाबा

कुडव्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे. माझा कॉम्प्युटर त्यानं कितीदा तरी उघडला, पण काम झाल्यावर सुरू करायचं बटण कधी स्वतः दाबलं नाही. पाठ फिरवून हात पुसत म्हणायचा, "दाबा तुमीच."

मेमरीच्या चिपा मिळेनाशा झाल्यापासून तो फारसा बोलत नाही. एकदा मोबाइलवरची बातमी दाखवत म्हणाला, "चिपवाल्या कंपन्यायची चांदी होऊन राहिली. सारा माल एआयच्या मोठ्या सर्व्हरवाल्यायले. आपल्याले कायले देतील?"

परवा ऑनलाइन फॉर्म भरून देणारी एक बाई बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आली. तिचं पोट त्यावरच. त्यातली मेमरी गेली होती आणि नवी तिला परवडणारी नव्हती. त्यानं दुकानातला स्वतःचा कॉम्प्युटर उघडला, त्यातली मेमरी तिच्या कॉम्प्युटरला बसवली आणि पाठ फिरवली. बाईनं बटण दाबलं. पडदा उजळला.

ती गेल्यावर मी विचारलं, "आता तुमचं काम कसं चालणार?"

"सोमवारपासून राइस मिलवर चाललो, सर. गेटवर बसाचं काम हाय."

त्यानं आपल्या कॉम्प्युटरचं झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदाच स्वतः बटण दाबलं. आतला पंखा फिरत राहिला. पडदा काळाच होता.