आधी बुडणाऱ्याचा हात

तरणतलावावर तिला सगळेच आत्या म्हणत. पहिल्या दिवशी तिचा भाचा खोल पाण्याकडे बघून "आत्याऽ!" असा किंचाळला होता. त्याची भीती आठवड्यात गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, निवृत्त हेडमास्तरही तिला आत्याच म्हणत आणि काठावर धावले तर पोरांच्या बरोबरीनं बोलणी खात.

तेवीस वर्षं ती खोल बाजूच्या उंच खुर्चीत बसत होती. तेवढ्या काळात एकतीस माणसं तिनं बाहेर काढली. त्यातल्या एकोणतिसांनी "मी काही बुडत नव्हतो" असं ठणकावून सांगितलं. उरलेल्या दोघांना खोकल्यामुळे बोलता आलं नाही.

या वर्षी मात्र फर्मान निघालं. जीवरक्षकांची परीक्षा आता जीवरक्षण स्पर्धेच्या नियमांनी होणार. पन्नास मीटर पोहायचं, बुडालेल्या माणसाच्या जागी तळाशी ठेवलेला पुतळा उचलायचा, पंचवीस मीटर ओढत आणायचा आणि आपला हात भिंतीला टेकवायचा. सगळं दोन मिनिटांत. नाही जमलं तर खुर्ची सोडून तिकीटखिडकीत.

"तिकीटखिडकीत पंखा आहे," नवरा म्हणाला.

"पाणी आहे का?" तिनं विचारलं आणि विषय संपला.

तलावाकडे पुतळा नव्हता, म्हणून महिनाभर नवराच बुडाला. तो शिंपी. बसून बसून पोट सुटलेलं, त्यामुळे तळाशी काही जाईना. ती हनुवटीखाली हात घालून ओढू लागली की याची टकळी सुरू.

"अगं, मान! उद्या गिऱ्हाइकाचा कोट द्यायचाय."

"अहो, बुडालेली माणसं बोलत नाहीत."

"लग्न झालेली तरी कुठे बोलतात?"

भिंत आली की ती आधी त्याचा हात काठाच्या पन्हळीवर ठेवी, मग आपला. जीवरक्षण शिकवणाऱ्या बाईंनी तिला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: आपण भिंत धरून दम खातो आणि तेवढ्यात बुडणारा निसटतो. म्हणून आधी बुडणाऱ्याचा हात.

परीक्षक बाहेरून आले, ते पुतळा घेऊनच. नारिंगी प्लॅस्टिकचा, पोटात पाणी भरलेला. तो तळाशी सोडला आणि शिट्टी वाजली.

आत्या छान पोहली. बुडी मारली, पुतळा बगलेत आला, त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवत ती पाठीवर सरकत निघाली. एक मिनिट चोपन्न सेकंदांना ती भिंतीशी होती. आणि तिथं ती पाण्यात चाचपडू लागली. डावीकडे चाचपडली, उजवीकडे चाचपडली.

परीक्षक वाकले. "आत्या, काय शोधताय?"

"याचा हात!"

"त्याला हात नाहीत हो."

तिनं पुतळ्याकडे नीट पाहिलं. खांद्यापाशी माणूस संपला होता. तिचा तळवा भिंतीला लागला तेव्हा दोन मिनिटं चार सेकंद झाले होते. बाकावर नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. त्याला दोन होते.

अर्ध्या तासानं शेवटची संधी होती. पोटऱ्या भरून आल्या होत्या. नवरा टॉवेल घेऊन आला, पण थट्टा करायला त्याचा धीर झाला नाही. "सरळ आपला हात लाव," तो हळूच म्हणाला. "तेवढंच."

"माझं डोकं ऐकेल," ती म्हणाली. "हात ऐकेल का?"

दुसऱ्या खेपेला ती एक पंचावन्नला भिंतीशी आली. डावा हात सवयीनं खाली निघालाच. बाकावरून नवरा सगळा तलाव दणाणेल असा ओरडला, "त्याला हात नाहीत!"

हात थबकला. पण पुतळ्याला तसंच सोडणं काही तिच्यानं होईना. तिनं गुडघा वर घेतला, पुतळा भिंतीशी दाबून धरला आणि मग उजवा तळवा फाडकन आपटला.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. "एक एकोणसाठ. आणि हा गुडघा कुठल्या नियमात बसतो?"

"निसटला का तो?"

"नाही."

"मग लिहा."

त्यांनी लिहिलं. सही घ्यायला ते कागद घेऊन काठाकाठानं तिच्याकडे निघाले. तोवर ती ओल्या कपड्यांनिशी खुर्चीवर चढली होती. कर्कश शिट्टी वाजली आणि परीक्षक जागच्या जागी थिजले.

"बूट!" आत्या वरून म्हणाली. "काठावर बूट चालत नाहीत. काढा आधी."