चार वाजता मशीन बंद

झेरॉक्सच्या दुकानात जन्म घालवलेल्या बाईला दुसऱ्याच्या कागदात डोकं न घालता प्रत काढायची सवय लागते. झेरॉक्स मावशींना ती जरा जास्तच लागली असावी, कारण काउंटरखाली त्यांनी हौसेने आणखी एक मशीन लावलं आणि त्याचंही काम तसलंच. इंटरनेटवर नाव लपवून बोलणाऱ्यांचे निरोप जगभरच्या हौशी लोकांच्या मशीनांवरून टप्प्याटप्प्याने पुढे जातात. त्यातला एक टप्पा मावशींकडे. निरोप कुणाचा, कशाबद्दलचा, ते त्यांनाही कळत नसे. दिसायचा फक्त वर्दळीचा आलेख, सकाळी उतरलेला, दुपारनंतर चढलेला. त्यांचे यजमान त्या मशीनला भाडेकरू म्हणत, तोही भाडं बुडवणारा.

मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं असलं की मावशी हौशी मंडळींच्या गटात आधी सांगायच्या. न सांगता दार लावून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. या वेळीही सांगितलं, गुरुवारी दुपारी चार. लगेच एका नव्या सभासदाने विचारलं, नक्की चारच ना, ताई? मावशींना कौतुक वाटलं. वेळेची एवढी कदर हल्ली असते कुणाला!

गुरुवारी दुपारी लेकीचा फोन आला आणि ते कौतुक विरलं. लेक नर्स. तिच्या हॉस्पिटलात मुदत संपलेली इंजेक्शनं बिनदिक्कत टोचली जात होती आणि ती हे एका ऑनलाइन गटात, नाव लपवून, लिहीत होती. वरच्यांना तिच्यासकट तीन-चार जणींचा संशय होता, पुरावा नव्हता. आज त्या गटात कुणीतरी हट्टच धरला होता, म्हणे. बरोबर चारला या, सविस्तर बोलू, मधे उठू नका.

मावशींना ‘नक्की चारच ना’ विचारणारा तो नवा सभासद आठवला; तो हॉस्पिटलातल्या वरच्यांचाच माणूस असणार. आईचं मशीन बंद पडलं की बोलणारीचं बोलणं तुटतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. तुटलं की लेक सापडली. नोकरी तर गेलीच, वर खटला.

“तू कुणाच्या मशीनवरून जातेस?” त्यांनी विचारलं.

“तुझ्याच. मुद्दाम तेच धरून ठेवलंय. आईवर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?”

सॉफ्टवेअर आपलं आपण कुठलंतरी परकं मशीन निवडतं आणि त्यातच शहाणपण असतं. पोरीने मायेपोटी ते बदललं होतं. अशी माया काय कामाची?

“ते आधी काढून टाक. परक्यांकडून जा. ऐकलंस का?”

पलीकडून कुणीतरी लेकीला हाक मारली आणि फोन बंद झाला. मावशींनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. लागेना.

बंदच करू नये मशीन? पण सांगून सवरून कच खाल्ली, तर चोराच्या मनात चांदणं म्हणतील आणि पुढच्या खेपेला पुन्हा सापळा लावतील. बंद केलं आणि पोरीने ऐकलेलंच नसलं, तर आईच्याच हातून तिचा घात. दाखल्याची पाठपोट प्रत मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला मावशींनी एकच बाजू दोनदा काढून दिली. तो कुरकुरला. त्या त्याच्यावरच डाफरल्या.

चार वाजले. मावशींनी बटण दाबलं. आलेख धाडकन शून्यावर आला. मशीन पुन्हा सुरू व्हायला लागला तेवढा वेळ त्यांनी काउंटरची कड घट्ट धरून काढला, आणि त्यानंतरचा वेळ तर त्याहून वाईट गेला.

ड्यूटी संपवून लेक थेट दुकानातच आली. आत येऊन स्टुलावर बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “चारनंतर त्याने दोनदा विचारलं, आहात ना? मी म्हटलं, आहे की. बोला.”

“मग?”

“मग निघून गेला.”

मावशी तिला जवळ घेऊन रडल्या. गिऱ्हाईक बघत होतं, बघू दे म्हणाल्या.

लेक घरी गेल्यावर त्या हौशी मंडळींच्या गटात लिहायला बसल्या. आज पोरीला कुणा परक्याच्या मशीनने सांभाळलं होतं. कुठल्या देशातल्या, कुणाच्या घरातल्या, ते कधीच कळणार नव्हतं, पण आभार तरी मानावेत. ‘आज चारच्या सुमाराला ज्यांची मशीनं चालू होती,’ एवढं लिहून त्यांचा हात थांबला. तो नवा सभासद अजून गटातच होता.

मावशींनी ती ओळ पुसली आणि लिहिलं, ‘मशीन पुन्हा सुरू झालंय.’