पहिला मासा पाण्याचा

माणसं तीन, गाडी एक, आणि किस्से इतके साठलेत की कुठला आधी घडला यावरूनच आमची भांडणं होतात! श्रावण सुटला, गणपती बोळवले की आम्ही माधवनगरहून रत्नागिरीच्या बाजूला समुद्रात गळ टाकायला जातो. मी, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार तात्या आणि हळदीचा व्यापारी अजित. त्यातलेच हे काही.

*

अजित जैन. मासा खात नाही, शिवतही नाही. गळाला काही लागलं की पाठ फिरवून उभा राहतो.

"मग येतोस कशाला रं?" तात्यांनी एकदा विचारलं.

"तुमास्नी माघारी आणाय," अजित म्हणाला.

*

पहिल्या वर्षी तात्यांनी नदीच्या सवयीनं गळाची काठी वाळूत रोवली, शेजारी जेवणाची पिशवी ठेवली आणि डुलकी काढली. आम्हीही आडवे झालो. भरती आली ती काठीसकट भाकरी घेऊन गेली. तात्या गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "आमची कृष्णामाई पुरातबी सांगून येती गड्या!"

*

पहिला मासा परत पाण्यात सोडायचा, हा तात्यांचा कृष्णाकाठचा नेम. समुद्रात त्यांना दुसरा कधी लागलाच नाही. त्यांची बायको, आमच्या काकी, मूळच्या रत्नागिरीकडच्या. तांबोशी माशाच्या कालवणावर त्यांचा भारी जीव. तात्या रिकाम्या हातानं आले की म्हणायच्या, "आवं, एकदा दुसऱ्यापासनंच सुरवात करा की!"

*

गेल्या वर्षी काकी अंथरुणाला खिळल्या. अन्न जात नव्हतं. तांबोशी तेवढी मागितली. आम्ही गेलो, आणि तात्यांना पहिलाच मासा लागला तो तांबोशी. ते तिच्याकडे बघत राहिले, मग बर्फाच्या डब्यात ठेवली. येताना गाडी मी चालवली. अजित तो डबा मांडीवर घेऊन बसला होता.

काकींनी दोन घास खाल्ले. विचारलं, "पैला सोडला न्हवं?"

"सोडला की," तात्या म्हणाले.

दिवाळीच्या आधी काकी गेल्या.

*

या वर्षी तात्यांना आम्हीच ओढून नेलं. पहिला मासा बारका होता, त्यांनी सोडला. थोड्या वेळानं काठी पुन्हा वाकली. दुसरा! तोही तांबोशी, चांगला हातभर. अजितनं पाठ फिरवली नाही, डबा उघडून पुढं आला.

तात्यांनी माशाच्या तोंडातला गळ हळूच काढला, दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरलं आणि सोडून दिलं.

"तात्या, ह्यो दुसरा हुता," मी म्हणालो.

"न्हाई रं," तात्या म्हणाले. "ह्यो गेल्या सालचा पैला."