डॅनीचा एकुलता एक टोला

बंद पडलेल्या कचेरीत फायली उरतात आणि बंद पडलेल्या टीमचे किस्से. फायलींना निदान वाळवी लागते. किश्शांना काही लागत नाही, उलट ते दर वर्षी अंगाने भरतात. एक जण सांगतो, दुसरा दुरुस्त करतो, तिसरा म्हणतो, "मी तिथेच होतो!" सगळ्यांवर विश्वास ठेवायचा तर चारशे खुर्च्यांच्या त्या मैदानात तेव्हा चार हजार माणसं बसली होती.

आमची टीम हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलपासून अर्ध्या तासावरच्या एका लहान गावाची ही बेसबॉल टीम. बेसबॉलच्या जगात जी सर्वांत खालची पायरी असते, तिच्याखाली दोन पायऱ्या खणून ही बसवली होती. बंद होऊन सहा वर्षं झाली. आम्ही चार-पाच जण अजून दर शनिवारी सकाळी एका डोनटच्या दुकानात जमतो आणि तिथी न बघता तिचं श्राद्ध घालतो.

यंदा मात्र नुसत्या गप्पा नव्हत्या. गावच्या लायब्ररीत हेरन्सचा एक कोपरा करायचं ठरलं. भिंतीवर प्रत्येक खेळाडूचं नाव, पुढे त्याचे आकडे. त्यात वॉल्टरच्या मुलाचं, डॅनीचंही नाव येणार. डॅनी हेरन्सकडून आयुष्यात एकदाच बॅट घेऊन उभा राहिला. त्याने तेव्हा टोला मारला, की समोरच्या क्षेत्ररक्षकाची चूक झाली म्हणून तो पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला, एवढाच प्रश्न. टोला असेल तर नावापुढे 'हजार' लागणार. दर वेळी टोला मारणाऱ्याची सरासरी बेसबॉलवाले हजार म्हणतात. समोरच्याची चूक असेल तर शून्य. मधलं काही नाही.

डॅनी आता या जगात नाही. वॉल्टर आहे. ऐंशीचा आहे.

* * *

मला या नादाला लावलं निखिलने. हा आमच्या मुलीच्या शेजारचा नागपूरचा इंजिनिअर. मी नोकरीतून सुटून मुलीकडे राहायला आलो, तेव्हा दिवसभर खिडकीत बसून समोरच्या पार्किंग लॉटमधल्या गाड्या मोजत असे. त्याला दया आली असावी. "काका, चला यार, मॅच बघू," म्हणाला.

मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. पहिल्याच डावात एकाने चेंडूला नाजूक कट मारली आणि चेंडू कीपरच्या बाजूने सरळ मागे गेला. मागे कोणी नव्हतं. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. "वा! काय लेट कट आहे!"

सगळं मैदान बसलेलं आणि मी एकटा उभा.

"काका, बसा," निखिल म्हणाला, "तो फाउल आहे. मागे गेलेला चेंडू इथे धरत नाहीत."

"अरे, मागे कोणी नाही. चार आहेत चार!"

मागच्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या माणसाने निखिलच्या खांद्याला हात लावून विचारलं, "तुमचे मित्र कोणाच्या बाजूचे आहेत?"

"क्रिकेटच्या," निखिल म्हणाला.

तो माणूस म्हणजे वॉल्टर.

* * *

वॉल्टरने आयुष्यभर टपाल वाटलं. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. म्हणजे एका अर्थी तो आणायचा आणि मी नोंदवायचो, फक्त मध्ये समुद्र होता. आमचं जमलं.

माझं केळकर हे नाव त्याच्या जिभेला पेलेना. म्हणून त्याने 'मिस्टर के' केलं. मला बरं वाटलं. बड्या साहेबासारखं वाटत होतं. दोन महिन्यांनी कळलं, की बेसबॉलच्या वहीत ज्याच्यापुढे 'के' लिहितात, तो तीनदा बॅट फिरवून एकदाही चेंडूला न लावता परत आलेला असतो.

"आता बदलू का?" वॉल्टरने ओशाळून विचारलं.

"नको," मी म्हटलं. "सर्व्हिस बुकात हेच लिहायला हवं होतं."

* * *

हातात कागद-पेन्सिल नसेल तर मला मॅच दिसत नाही. फाटकावर स्कोअर लिहायचा छापील कागद मिळायचा, पण त्यातली अक्षरं मला उमजेनात. म्हणून मी एक लांबट वही घेतली आणि स्वतःची पद्धत केली. 'झे' म्हणजे झेलबाद. 'त्रि' म्हणजे तीनदा हुकलेला. चार वाईट चेंडू पडले की फलंदाज चालत पहिल्या बेसवर जातो, त्याला 'मो', म्हणजे मोफत. 'टो' म्हणजे टोला.

चूक मात्र मी पूर्ण शब्दात लिहायचो. चूक संक्षेपाने लिहिली की पुढे तिचे दोन अर्थ निघतात, हे मी कचेरीत शिकलो.

वॉल्टर दर मॅचला मागून वाकून बघायचा. "सुंदर दिसतं," म्हणायचा. "काय लिहिलंय?"

"आपण हरतोय."

"ते मला इंग्लिशमध्येही दिसतंय!"

* * *

माझी बायको मालती मॅचला एकदाच आली. सुरुवातीला राष्ट्रगीत झालं, ती नीट उभी राहिली. पुढे सातव्या डावाच्या मध्यावर सगळे पुन्हा उठले. तिथे रीत आहे, प्रेक्षक उठून आळोखेपिळोखे देतात आणि एक गमतीचं गाणं म्हणतात. हिला वाटलं, पुन्हा काहीतरी गंभीर आहे. ती ताठ उभी राहिली, पदर सारखा केला, मान खाली घातली.

तिचा चेहरा बघून शेजारच्या वॉल्टरने हळूच टोपी काढली. त्याचं बघून पुढच्याने काढली. मग आमची अख्खी रांग गाणं थांबवून मान खाली घालून उभी.

गाणं संपल्यावर पुढच्या बाईने वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

* * *

स्कोअरबोर्ड चालवायची लॉरेन. आता गुडघ्यांनी बेजार आहे, पण जीभ शाबूत. स्कोअरबोर्डावर चुकांसाठी 'ई' अक्षराचा दिवा असतो. आमचा तो दिवा गेला आणि नवा आणायला क्लबकडे काही केल्या वेळ होईना. लॉरेन इमानाने बटण दाबायची, वर काही लागायचं नाही.

"शेवटचे दोन मोसम," ती अभिमानाने सांगते, "हेरन्सच्या मैदानावर कोणाचीही चूक झाली नाही."

निखिलने यंदा तिला सरळ विचारलं, "लॉरेन, डॅनीच्या वेळी तू बटण दाबलं होतंस का?"

लॉरेनने डोनट कॉफीत बुडवला आणि मऊ होऊन तुटेपर्यंत बाहेर काढला नाही.

"दाबलंही असेल," ती म्हणाली. "दिवा कुठे होता?"

* * *

डॅनी एकतीस वर्षांचा होता. आठवडाभर लोकांच्या घरांवर छपरं बसवायचा आणि संध्याकाळी हेरन्सच्या बोलरांचे सरावाचे चेंडू पकडायचा. दोन मोसम हेच. मैदानात उतरायची पाळी कधी आली नाही. शेवटच्या मॅचला मॅनेजर म्हणाला, "आज सगळे खेळतील." नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात, दोन बाद असताना, डॅनी बॅट घेऊन आला.

पहिल्याच चेंडूला त्याने जोर काढला. चेंडू टप्पे खात समोरच्या क्षेत्ररक्षकाकडे गेला. त्याने वाकून हात लावले आणि चेंडू त्याच्या दोन पायांतून मागे गेला. डॅनी पहिल्या बेसवर पोचला आणि तिथे उभा राहून हसला. पुढचा गडी बाद झाला, मॅच संपली, क्लबही संपला.

लोकांनी आठवण म्हणून हाताला लागेल ते नेलं. कोणी खुर्ची, कोणी पाटी, एकाने तर नळ. वॉल्टर कॉफीची रिकामी बरणी घेऊन पहिल्या बेसपाशी गेला आणि चमच्याने तिथली लाल माती भरायला लागला. आम्ही मालतीला ते घरी सांगितलं, तर ती म्हणाली, "अंगारा नेला म्हणायचा."

ते निखिलने पुढच्या शनिवारी वॉल्टरला समजावून सांगितलं, की आमच्यात देवापुढची राख घरी नेतात आणि आजारी माणसाला लावतात.

वॉल्टर म्हणाला, "कोणी आजारी नाहीये."

तेव्हा नव्हतं.

* * *

डॅनीच्या अंत्यविधीला आम्ही तिघं गेलो. मी, मालती, निखिल. काय बोलायचं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून मी फक्त वॉल्टरचा हात धरला. त्याने तो सोडला नाही. मला तसाच ओढत तो एकेका नातेवाइकाकडे घेऊन गेला.

"हे मिस्टर के," तो प्रत्येकाला सांगत होता. "यांनी डॅनीचा टोला पाहिलाय. यांच्याकडे लिहिलेलाय."

सात-आठ जणांशी मी हात मिळवले. प्रत्येकाला म्हटलं, "हो, मी तिथे होतो."

त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. सरकारी उत्तर असंच असतं.

* * *

त्या टोल्याची लांबी दर वर्षी साधारण पंधरा फुटांनी वाढते. पहिल्या वर्षी तो सरपटत गेला होता. दुसऱ्या वर्षी क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून. मागच्या वर्षी लॉरेनच्या सांगण्याप्रमाणे कुंपणाला लागला.

"असाच चालू राहिला तर काका," निखिल माझ्या कानाशी म्हणाला, "पुढल्या वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला पडेल."

वॉल्टर या स्पर्धेत नसतो. तो फक्त म्हणतो, "टोला होता. बाकी मला काही नको."

* * *

लायब्ररीतली बाई नेमकी होती. "नुसत्या आठवणीवर मला भिंतीवर काही लावता येणार नाही," ती म्हणाली. "कागद हवा." मला ती बाई आवडली. हेच वाक्य मी चौतीस वर्षं खिडकीतून म्हणत आलो होतो.

क्लबची कागदपत्रं तर ऑफिस रिकामं करताना कचऱ्यात गेली. उरला एकच कागद. माझी वही.

लायब्ररीत जायच्या आदल्या दुपारी ती काढून बसलो. निखिल आला होता, मालती भाजी निवडत होती.

"सिंपल आहे काका," निखिल म्हणाला. "'हिट' म्हणून वाचा. तिथे मराठी कोणाला येतं?"

"वहीत 'चूक' लिहिलंय."

"मग?"

"मग म्हणजे? डोळ्यांनी पाहून लिहिलंय. चेंडू त्याच्या पायांतून गेला. मी रजिस्टरात कधी खोटी नोंद केली नाही, आता वाचू?"

"तुम्हीच लिहिलंत ना?" मालती मान वर न करता म्हणाली. "मग तुम्हीच वाचा."

यातून काय अर्थ काढायचा, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शनिवारी आम्ही सगळे लायब्ररीत बसलो, मालतीही. वॉल्टरने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हेरन्सची जुनी टोपी मांडीवर ठेवली होती. लॉरेन काठी टेकून बाजूला. बाईने संगणकावर डॅनीचं नाव काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी शेवटच्या डावावर बोट ठेवून वाचायला लागलो. "पहिला, झेलबाद. दुसरा, त्रि, म्हणजे तीनदा हुकला. तिसरा, डॅनी."

चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती.

"हिट," मी म्हटलं.

बाईने टाइप केलं. डॅनीच्या नावापुढे हजार आले.

वॉल्टरने वही स्वतःकडे ओढली आणि बराच वेळ त्या पानावरून बोट फिरवलं. मग थांबला.

"मिस्टर के, बाकीच्यांच्या टोल्याला हे छोटं चिन्ह आहे," तो 'टो'वर बोट ठेवून म्हणाला. बोट खाली आणलं. "डॅनीचं लांब का?"

त्या पानावर तो शब्द तेवढा एकदाच होता. निखिल खिडकीतून पार्किंग लॉट बघायला लागला.

मालतीने पर्समधून चष्मा काढला, वाकून तो शब्द नीट वाचला आणि सरळ झाली.

"बिग हिट," ती वॉल्टरला म्हणाली. "सो, बिग वर्ड."

वॉल्टरने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, तिच्यापेक्षा जास्त वेळ. मग मांडीवरची टोपी उलटी केली, बाईच्या टेबलावरचा मार्कर घेतला आणि वही समोर ठेवून टोपीच्या पुढच्या कडेच्या आतल्या बाजूवर तो शब्द उतरवायला लागला. अक्षर काढत नव्हता, चित्र काढत होता. झाल्यावर त्याने टोपी माझ्यापुढे धरली.

चुक.

"वॉल्टर," मी मराठीतच म्हटलं, "हा पहिला उकार झाला. दुसरा हवा. दे इकडे."

त्याने टोपी दिली.