घरातलं वारं मी बंद केलं

आधीच सांगतो, देवीवर माझा राग होता. लोक अनुभव लिहितात त्यात संकट येतं, भक्त हाक मारतो आणि देवी धावून येते. माझ्याकडं सगळं उलटं. देवी दर शुक्रवारी न बोलावता यायची, तीही माझ्याच बायकोच्या अंगात, आणि चारचौघांत मला झाडून जायची.

लग्नसुद्धा तिनंच लावलं म्हणा ना. हुपरीत आमच्या घरी पैंजणं करायचं काम चालायचं. एकदा आमची म्हैस दावं तोडून गेली, तेव्हा आई मला घेऊन पलीकडच्या गल्लीत सुशीलाकडं गेली. तिच्या अंगात वारं येतं आणि ती हरवलेलं सांगते, अशी ख्याती होती. ती केस सोडून घुमत होती आणि मी आपला तिच्याकडं बघत बसलो होतो. मधेच थांबून ती आईला म्हणाली, "म्हस वड्याच्या पल्याड करंजीखाली बसलीया. आणि ह्यो तुझा ल्योक म्हस हुडकायला आलेला न्हाई." अंगणभर हशा पिकला. म्हैस त्या करंजीच्या झाडाखालीच सापडली. पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

सुशीला एरवी अगदी अबोल. काही हवं असलं तरी "अवो" म्हणून थांबायची, पुढचं वाक्य तोंडातच राहायचं. शुक्रवारी मात्र देवी तिच्या तोंडून गरजायची, "ल्येका, पत्रा गळतोय, कवा बदलणार? पोरीला ताप हाय, पैंजणं टाक आणि दवाखान्यात जा!" देवीला आमच्या पत्र्याची काय पडली होती, देव जाणे! मी वैतागायचो, पण पत्रा बदलायचो.

नव्वदनंतर मी कोल्हापुरात, गुजरीतल्या एका चांदीच्या पेढीवर लागलो. आमची गोष्ट तिथं माझ्याआधी पोचली होती. "या की देवीचं पावणं! चांदी चढणार का पडणार? घरात इचारून आलासा न्हवं?" पेढीवरच्या माणसांचं रोज हेच. मला लाज वाटायला लागली. मी शहरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि सामान उतरायच्या आधीच सुशीलाला बजावलं, "हितं वारं-बिरं चालायचं न्हाई."

ती म्हणाली, "बरं."

आणि वारं खरंच थांबलं. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. पण त्याबरोबर बाकीचंही थांबत गेलं. पोरीला शिकायला पुण्याला ठेवू? बरं. हुपरीचं घर कुलूप लावून ठेवू? बरं. हुपरी एसटीनं तासाभराच्या आत, काही परदेश नव्हे. सणाला जायचो, संध्याकाळी परतायचो. येताना ती खिडकीतून मागं बघत राहायची आणि मी पेपर वाचत राहायचो.

मग तिचं जेवण तुटलं. अर्धी भाकरी, मग चतकोर. उठली तर भिंतीला धरून चालायची. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडं गेलो, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मी डॉक्टरांवर चिडलो, तिच्यावर चिडलो. खरं तर तिला काय होतंय ते मला ठाऊक होतं. तरी मी रिपोर्ट गोळा करत हिंडलो, कारण रिपोर्टपुढं नवऱ्याला माफी मागावी लागत नाही.

शेवटी एका शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला उभा राहिलो. रांग हलेना. मनात देवीशी भांडण चाललं होतं: तेव्हा नको म्हटलं तरी येत होतीस, आता ही सुशीला डोळ्यांदेखत झिजतेय तर कुठं गेलीस? मी ते मोठ्यानं पुटपुटत होतो, हे मला कळलंच नाही. मागं ओटीचं ताट धरून एक म्हातारी उभी होती, शिरोळकडची असावी. तिनं माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"अवो पावणं, ह्या देवीचं नाव सुशीला कवापासनं पडलं?"

मी खजील झालो. म्हटलं, "बायकोचं नाव हाय ते. आजारी हाय."

"मग हितं कशाला हुबं ऱ्हायलाय? तिच्याकडं जावा की! तिथं रांग तर न्हाई." आणि मी विचारात पडलेला बघून म्हणाली, "जाताय का सरकू फुडं?"

मी बाजूला झालो. ती पुढं सरकली, तिनं वळूनही बघितलं नाही.

घरी आलो तर सुशीला मेथी निवडत होती. मी तिच्यापुढं खाली बसलो, हुपरीच्या अंगणात लोक बसायचे तसा. म्हटलं, "चुकलो मी. तुला काय पायजे?"

"काय न्हाई."

"देवीला न्हाई, तुला इचारतोय."

तिनं जुडी खाली ठेवली. केस बांधलेले, डोळे उघडे, आणि आवाज तिचा स्वतःचा. "आत्ता इचारताय व्हय? मला घरी जायाचंय! हितं माझा जीव गुदमरतोय. दार लावलं की सगळं मुकं! देवीला बंदी घातलासा, मग मी कुणाच्या तोंडानं बोलू?" बराच वेळ बोलत होती, रडत होती. मी समोर बसून ऐकत राहिलो. शेवटी म्हणाली, "आजच जायाचं. उद्या न्हाई."

त्या दिवशी दुपारच्या एसटीनं गेलो. घरभर धूळ होती. तिनं पदर खोचून केर काढला आणि संध्याकाळी चुलीपाशी बसून अख्खी भाकरी खाल्ली. मी तिच्याकडं बघत राहिलो तर म्हणाली, "बघताय काय, पाणी द्या."

ती म्हातारी कोण होती, मला माहीत नाही. तिला पुढं जाऊ देऊन मी घरी आलो, एवढंच खरं.

आता रोज सकाळी हुपरीहून गुजरीत येतो. गुडघे बोलतात, कंडक्टर बोलतो, घरी गेलं की सुशीला बोलते. शुक्रवारी कधी वारं येतं, कधी येत नाही. कोण बोलतंय हे मी विचारत नाही, समोर बसतो. देवीपुढं डोकं टेकायला मला कधी जड गेलं नव्हतं. जड गेलं ते घरच्या माणसापुढं बसून ऐकून घ्यायला, आणि शरण जाणं ते हेच असावं. अंबाबाईचे उपकार, की तिनं मला रांगेतून बाहेर काढलं. त्या दिवशी गाभाऱ्यापर्यंत पोचलो नाही, याची मला खंत नाही.