बारा पेरं

बाई माणसं मोजायच्या. अंगठा तर्जनीच्या वरच्या पेरावर टेकवायचा, नजर समोरच्या माणसांवरून फिरवायची आणि माणसागणिक अंगठा एकेक पेर खाली सरकवायचा. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. अंगठा करंगळीच्या बुडाशी पोचला की मूठ मिटायच्या आणि म्हणायच्या, "हात भरला." बसची रांग असो, ऑफिसची कँटीन असो नाहीतर कुणाचं बारसं, मोजणी चालूच. दिल्लीत बसची रांग मोजून काय करायचंय, ती धड रांग तरी असते का? पण बाईंना कोण सांगणार.

असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. एक खोड असते आणि ती काढून घेतली तर माणूसच शिल्लक राहत नाही. फक्त बाईंच्या खोडीमागे कारण होतं, आणि ते कळायला मला माझी रविवारची झोप द्यावी लागली.

मी साताऱ्याहून दिल्लीला आलो तो केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून. बाई तिथे आवक-जावकच्या टेबलावर. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती, वय पंचेचाळीसच्या पुढे, यजमान वारलेले. सगळं ऑफिस त्यांना 'मॅडमजी' म्हणायचं आणि तिथली मराठी माणसं 'बाई' म्हणायची. मराठी माणसं म्हणजे मी एकटा.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "जेवलास का रे, सातारकर?"

"जेवलो. राजमा होता."

"म्हणजे नाही जेवलास." त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. मी दुसरा घास घेतोय तोच म्हणाल्या, "रविवारी दुपारी काय करतोस?"

"झोपतो."

"बसून झोपता येतं?"

तोंडात शेंगदाण्याची चटणी असताना माणूस काय वाटेल ते कबूल करतो. मी हो म्हणालो. अशा रीतीने मी, सात पिढ्यांचा भवानीभक्त, दर रविवारी दुपारी साडेतीनला देवळात जाऊ लागलो. चर्चला बाई देऊळच म्हणायच्या.

देऊळ चांगलं दांडगं होतं. सकाळी इंग्रजी उपासना, मग हिंदी, आणि दुपारी लोक जेवून पेंगायला लागले की मराठी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा मेरठहून यायचे. बाकीचे रविवार बाई शास्त्रपाठ वाचायच्या आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा पेटी वाजवून प्रार्थना करायचे. चारशे माणसांच्या जागेत आम्ही दहा-बारा जण. मी बाईंना म्हटलं, "मला यातलं काही येत नाही हो."

"येत नाही तर नुसता बस. मोजण्यात तर येशील."

कारण असं होतं. चर्चच्या कमिटीने नियम केला होता की लागोपाठ तीन रविवार बारापेक्षा कमी माणसं आली तर मराठी उपासना बंद आणि ती वेळ दुसऱ्या भाषेच्या मंडळींना. मराठी ख्रिस्ती घरं होती बोटावर मोजण्याइतकी, त्यात सगळे सरकारी नोकर. एकाची भोपाळला बदली झाली की पाच पेरं एकदम रिकामी व्हायची. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, तुमच्या पुस्तकात तर दोघं-तिघं जमली तरी पुरे असं लिहिलंय. मागच्याच रविवारी तुम्ही वाचलंत."

"प्रभूला पुरतात रे," बाई म्हणाल्या. "कमिटीला पुरत नाहीत."

बसून झोपायचं वचन मी इमानाने पाळत होतो. एका रविवारी आजोबांची प्रार्थना लांबली आणि मी खिडकीला टेकून घोरलो. बाहेर आल्यावर मला वाटलं आता खरडपट्टी. पण बाई हसत सुटल्या. म्हणाल्या, बायबलातला पौल एकदा मध्यरात्रीपर्यंत उपदेश करत बसला, तेव्हा युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसून पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेलाच होता, पौलाने परत उठवला. "आपले आजोबा काही पौल नाहीत. तू खिडकीत बसू नकोस." तेव्हापासून मी युतुख झालो. मला जरा लागलं, तर म्हणाल्या, "तोंड पाडू नकोस. खुद्द प्रभू वादळात नावेत झोपला होता, उशीसुद्धा घेतली होती. जिथे भरवसा वाटतो तिथेच झोप लागते माणसाला." पुढच्या रविवारी त्यांनी खरोखर घरून उशी आणली. मला लाजेने त्या दिवशी डोळा मिटता आला नाही.

बाईंचं बायबल असं रोजच्या वापरातलं होतं, पोळपाट-लाटण्यासारखं. आमच्या ऑफिसात एक त्रिवेदीजी होते, उंची जेमतेम पाच फूट. दर सव्वीस जानेवारीला परेड बघायला जायचे आणि लोकांच्या पाठी बघून परत यायचे. बाईंनी त्यांना जक्कयाची गोष्ट सांगितली. तोही बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला, आणि येशूने नेमकं त्यालाच हाक मारली. "आप भी चढ़ जाइए, त्रिवेदीजी." त्रिवेदीजी सांगितलेलं अगदी शब्दशः ऐकणारा माणूस. गेले आणि जांभळीवर चढले. त्यांनाही हाक आली, पण ती पोलिसाची होती. दुसऱ्या दिवशी लंगडत आले आणि म्हणाले, "मॅडमजी, तोप तक तो दिख गया था." एवढं बोलून त्यांनी बाईंना पेढा दिला.

आता हे सगळं हसण्यावारी नेलंत तर माझीच चूक. एकदा बस मिळेना म्हणून आम्ही चालत निघालो होतो, तेव्हा मी विचारलं, "बाई, हिंदी उपासना आहे की सकाळी. तुम्हाला हिंदी येतं. मग मराठीसाठी एवढा जीव का काढता?"

त्या चालता चालता म्हणाल्या, "आमचे हे गेले तेव्हा दफनविधी हिंदीत झाला. पाळक भला माणूस होता, सगळं व्यवस्थित म्हणाला. मला शब्द न् शब्द कळला. आणि सारखं वाटत होतं, हे कुणातरी दुसऱ्याच माणसाला पुरताहेत. यांना 'श्रीमान' म्हणत होते रे. नगरच्या माणसाला."

त्यानंतर महिन्याभराने त्यांनी मराठी उपासना सुरू केली होती. पहिल्या रविवारी तीन माणसं होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, स्वतःच्या घोरण्याचंसुद्धा.

आणि मग तो जानेवारी आला. पहिल्या रविवारी अकरा माणसं. दुसऱ्या रविवारी नऊ. तिसऱ्या रविवारी कमिटीचे सेक्रेटरी स्वतः हजेरी घ्यायला येणार असा निरोप आला. फौजेतून निवृत्त झालेले उंच पंजाबी गृहस्थ, हातात काठी आणि रजिस्टर.

त्या दिवशी सकाळपासून बाई शेजारच्या दुकानातून फोन करत होत्या. एका कुटुंबाने गाजियाबादला प्लॉट घेतला होता, तो बघायला जायचं होतं. दुसऱ्याने नवी स्कूटर घेतली होती, ती पळवून बघायची होती. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं. मी कपाळाला हात लावून उभा, आणि बाई फोन ठेवून खो खो हसताहेत. मला वाटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला.

"अरे, लूक चौदा, बायबलातली गोष्ट," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "जशीच्या तशी. एका माणसाने मोठी मेजवानी केली, तर एक म्हणाला मी शेत घेतलंय, बघायला जातो. दुसरा म्हणाला पाच बैलजोड्या घेतल्यात, पारखायला जातो. तिसरा म्हणाला लग्न झालंय. दोन हजार वर्षांत लोकांना नवीन सबब सुचू नये?"

"मग त्या यजमानाने काय केलं?"

"चाकराला सांगितलं, रस्त्यांवर जा, कुंपणांपाशी जा, जे भेटतील त्यांना आग्रहाने आत आण. माझं घर भरलं पाहिजे." बाईंनी पदर खोचला. "चल, युतुखा."

आमच्या सरकारी वसाहतीत त्या दुपारी गोखले काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जिना चढताना बांगड्यांचा आणि हसण्याचा नुसता कल्लोळ ऐकू येत होता. बाई दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. ख्रिस्ती, त्यातून नवरा गेलेला. या घरात आज आपल्याला बोलावणं नव्हतं आणि ते का नव्हतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आतल्या बायका वळून दाराकडे बघू लागल्या.

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला बोलवायला आलेय. तासभर द्या मला. आमच्या देवळात आज माणसं कमी पडताहेत."

गोखले काकू काळ्या चंद्रकळेत उभ्या, हातात तिळगुळाचा डबा. तोंडाने फटकळ बाई, मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या बाहेर आल्या, बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मागे वळून म्हणाल्या, "अगं, उठा. गाणी असतात म्हणे तिथे. उखाणे नंतर घेऊ."

सांगतो तुम्हाला, दिल्लीने पुष्कळ मिरवणुका पाहिल्या असतील. पण काळ्या साड्या, नाकात नथी आणि अंगावर स्वेटर घातलेल्या अठरा मराठी बायका डीटीसीच्या एकाच बसमध्ये चढल्या, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. कंडक्टर उठून उभाच राहिला.

देवळाच्या दारात गोखले काकूंनी चपला काढल्या, म्हणून सगळ्यांनी काढल्या. सेक्रेटरी आले तेव्हा त्यांना आधी चपलांची ही भली मोठी रांग दिसली. दारात उभ्या असलेल्या एका मुलीने सवयीने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." त्यांना काही कळलं नाही, पण फौजी माणूस, हातात आलेली वस्तू सांभाळून धरली.

आजोबांनी पेटीवर गीत धरलं. आपल्याकडची ख्रिस्ती गाणी पुष्कळदा अभंगाच्या चालीवर असतात. दुसऱ्या ओळीला बायकांनी चाल ओळखली आणि मग त्या कुणाला ऐकतात? टाळ्या सुरू झाल्या. गाणं पाच कडव्यांचं होतं, ध्रुवपद नऊ वेळा झालं. आजोबांचा भाता फुटायच्या बेताला आला. मी त्या दिवशी झोपलो नाही, माझी शपथ.

उपासना संपल्यावर सेक्रेटरी पुढे आले. रजिस्टर उघडलं. "मैडम, इनमें मसीही कितने हैं?"

बाईंनी नुसतं 'सब आए हैं' म्हटलं असतं तर भागलं असतं. मी मागून खुणावतही होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "तीन, साहब. मुझे मिलाकर." त्या, आजोबा आणि दारात तिळगूळ वाटणारी ती मुलगी; ती नर्स होती.

"और बाकी?"

"लूक चौदा, तेईस."

सेक्रेटरी बायबलात मुरलेला माणूस. त्यांना पुस्तक उघडावं लागलं नाही. ते माझ्याकडे वळले. "आप?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "जी, मैं कुंपण से. मतलब, बाड़ के पास से."

ते बराच वेळ चपलांच्या रांगेकडे बघत होते. बाईंचा अंगठा करंगळीवर तसाच दाबलेला, नख पांढरं पडलेलं. मग सेक्रेटरींनी मुठीतला तिळगूळ तोंडात टाकला, चावला आणि म्हणाले, "रूल में हाज़िरी लिखा है. मेंबर नहीं लिखा." आणि रजिस्टरात बावीस आकडा घातला. जाताना एवढंच म्हणाले, "लेकिन मैडम, हर इतवार संक्रांत नहीं होती."

नसतेच. पण गोखले काकू चालीसाठी म्हणून येत राहिल्या, नर्सने मैत्रिणी आणल्या, कुणाची बदली दिल्लीला झाली. पुढे कितीतरी वर्षं हात कसाबसा भरत राहिला. एवढ्या वर्षांत बाईंनी मला कधी 'ख्रिस्ती हो' म्हटलं नाही. मीच एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माझं काम बोलवायचं. मेजवानी माझी नाही, मी कशाला कुणाच्या ताटात डोकावू?"

निवृत्त होऊन त्या नगरला बहिणीकडे गेल्या. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत डब्यातली माणसं मोजत होत्या. खिडकीतून म्हणाल्या, "दोन हात भरले रे." मला रडू आवरेना आणि त्या हसत होत्या.

दोन वर्षांनी, माघातल्या एका शनिवारी, त्यांच्या भाच्याचं पत्र आलं. बाई गेल्या. दफनविधी मराठीत झाला, हे त्याने मुद्दाम लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेलो. मागचे दोन रविवार हात भरला नव्हता. नवा सेक्रेटरी, तरुण माणूस, रजिस्टर घेऊन बसलेला. आजोबांच्या जागी त्यांचा जावई पेटीवर. मी अंगठा तर्जनीवर ठेवला आणि मोजत गेलो. स्वतःला धरून अकरा. करंगळीचं शेवटचं पेर रिकामं. घड्याळात साडेतीनला पाच मिनिटं कमी.

मी उठलो आणि बाहेर रस्त्यावर गेलो. कुंपणापाशी ऊन खात एक जोडपं उभं होतं, हातात शेंगांची पुडी. नवरा म्हणत होता, "अगं, जरा थांब, विचारतो कुणाला तरी."

"मराठी का?" मी विचारलं.

"हो, सोलापूरचे. लाल किल्ल्याला बस कुठून मिळेल?"

"किल्ला कुठे पळून जात नाही. तासभर आत चला."

"अहो, पण आम्हाला यातलं काही येत नाही," तो चपला काढता काढता म्हणत होता.

"येत नाही तर नुसते बसा," मी म्हणालो. "मोजण्यात तर याल."

तो बसला आणि हात भरला. त्याची बायको उरली. तिच्यासाठी मी दुसरा हात उघडला.