नावाआधीचे ‘कै.’

‘थांब नं, फेस येऊ दे.’

कढईपुढे बसून त्या हे म्हणायच्या. माक्याचा रस आणि तिळाचे तेल मंद आचेवर चढवले की रसातले पाणी आटायला अख्खी सकाळ जाते. वर फेस धरला की तेल तयार. घाई केली तर पाणी आतच राहते.

नेरच्या या वैद्यबाई डोक्यातल्या कोंड्यावर औषध द्यायच्या. त्या त्याला दारुणक म्हणत. भांगात बोट दाबायचे आणि बोटाला काय लागले ते उजेडात पाहायचे. कोरडा भुसा असेल तर वात, चिकट खपली असेल तर कफ. मग त्रिफळ्याच्या काढ्याने डोके धुणे, दही बंद, दुपारची झोप बंद. एका गुरुजींनी विचारले, ‘दह्याचा डोक्याशी काय संबंध?’

‘खाता तोंडानं, पण उगवते वरतं.’

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. या बाईंचा राग मी मात्र उशिरा पाहिला.

त्यांच्या हाताखाली सहा वर्षे शिकलेल्या माणसाने बसस्टँडसमोर दुकान काढले. त्यांच्याच नावाचे तेल बाटलीत भरले. बाटलीवर त्यांचा फोटो, फोटोला हार, नावाआधी ‘कै.’. त्या जिवंत आहेत हे नेरमध्ये सगळ्यांना ठाऊक होते. पण त्यांचे रोगी राळेगावहून, फुलसावंगीहून यायचे. ते स्टँडवर उतरत, बाटली पाहून हळहळत, ती विकत घेत आणि पुढच्या बसने परत जात. दोन महिन्यांत वैद्यबाईंची ओसरी रिकामी झाली.

‘छापणाऱ्याची चूक झाली, मावशी,’ तो म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या लाकडी स्टूल घेऊन त्याच्या दुकानासमोर बसल्या. मग दर बाजाराला. गिऱ्हाइकाच्या हातातली बाटली मागून घ्यायची, कापसाची वात तेलात बुडवायची, पेटवायची. वात तडतडायची.

‘ऐकलं? पाणी हाये अंदर. कच्चं उतरवलं.’ मग दुकानाकडे तोंड करून, ‘मलेही कच्चंच उतरवलं यानं!’

आणि तिथेच त्या गिऱ्हाइकाचे डोके तपासायच्या. तो फी विचारायचा.

‘मी तं मेली आहो. मेलेल्याले कायची फी?’

दुकानदार बाहेर येऊन हात जोडायचा. ‘मावशी, लोक हासून राह्यले. नवीन लेबल छापतो. घरी चला.’

‘थांब नं. फेस येऊ दे.’

वर्षभरात त्याच्या बाटल्यांवर धूळ बसली.

यंदा त्या आजारी पडल्या. मुलीच्या गावी जाण्याआधी आमच्या वर्तमानपत्राच्या वार्तालयात आल्या, पंख्याखाली बसल्या. ‘मी गेली तं बातमी देऊ नको. ते त्यानं अगोदरच छापलं. आता त्याले वाट पाहू दे.’ मुलीलाही त्यांनी हेच बजावले होते.

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. मी वार आणि वेळ लिहून घेतली. बातमी पाच ओळींची होती. ती टेबलाच्या खणात आहे.

परवा बाजार होता. शटर अर्धे वर करून दुकानदार समोरच्या जागेकडे पाहत उभा होता. मला पाहून त्याने हाक मारली.

‘भाऊ, मावशी दिसून नाही राह्यल्या. कधी येते म्हणे?’

‘थांब नं,’ मी म्हणालो.

त्याने अर्धे वर केलेले शटर तसेच धरून ठेवले.